नावाचा उच्चार आणि नावाचा अधिकार

देवळात गाऱ्हाणे घालताना पुजारी प्रथम काय विचारतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. यजमानाचे नाव काय, गोत्र कोणते, मूळ गाव कोणता, हे तो विचारून घेतो. नीट ऐकू आले नाही तर जोडलेले हात तसेच ठेवून, मान वळवून, पुन्हा विचारतो. आणि मगच देवीकडे तोंड करून शब्द उच्चारतो. देवी सर्वज्ञ आहे. नाव चुकले म्हणून तिला माणूस ओळखू येणार नाही, असे कोणीच मानीत नाही. तरीही नाव चुकता कामा नये, असा दंडक आहे. लहानपणी आम्हांस या दंडकाचे कारण कळत नसे. वकिलीच्या व्यवसायात बरीच वर्षे घालविल्यावर ते थोडेबहुत कळू लागले, आणि ते नीट कळण्यास दूरचित्रवाणीवरील एक साधी बातमी निमित्त झाली.

जत्रेचे दिवस होते. अग्रशाळेत पाहुणेमंडळींसह आम्ही बसलो असता एका वाहिनीवर अंत्रूज महालातील जत्रांची बातमी लागली. निवेदिका चतुर होती, वाणी स्वच्छ होती. परंतु तिच्यापुढे नावे होती ती रोमन लिपीत. माशेलचे ‘मार्सेला’ झाले, कवळ्याचे ‘क्यूला’ झाले, प्रियोळचे ‘प्रायोल’ झाले. मुले खो खो हसली. कोपऱ्यात बसलेल्या एक वृद्ध बाई मात्र हसल्या नाहीत. “हें आमच्या गांवचें नांव न्हय,” एवढेच त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

दोष त्या निवेदिकेचा म्हणावा, तर तसेही म्हणवत नाही. आमच्या गावांची नावे पोर्तुगीज लेखकांनी आपल्या कानाने ऐकून आपल्या अक्षरांत उतरविली. त्यांच्या लेखनात शब्दाच्या शेवटचा मकार हा मकार नसून अनुनासिकाची खूण आहे. त्या रीतीने वाचणाऱ्यास पेडणे, केपे, साखळी, कुठ्ठाळी ही नावे ओळखीच्या आसपास तरी सापडत. इंग्रजी रीतीने वाचणारा त्याच अक्षरांतून ‘पर्नेम’, ‘क्वेपेम’, ‘सँक्वेलिम’, ‘कोर्टालिम’ काढतो. एका भाषेच्या कानाने ऐकलेले, दुसऱ्या भाषेच्या अक्षरांनी लिहिलेले आणि तिसऱ्या भाषेच्या जिभेने वाचलेले नाव आपल्या घरी ओळखले न जावे, यात नवल ते काय?

तथापि त्या वृद्ध बाईंच्या शब्दांतील वेदना खरी होती. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. देव हलले, पण ज्या गावांतून ते आले त्या गावांची नावे कुलवृत्तांतांत, आडनावांत आणि गाऱ्हाण्यांत आजवर टिकून राहिली. ज्या समाजाने चारशे वर्षे केवळ उच्चाराच्या बळावर आपला पत्ता सांभाळला, त्यास तो उच्चार क्षुल्लक वाटत नाही.

उच्चाराच्या शुद्धतेविषयीचा हा आग्रह आपल्याकडे फार पुरातन आहे. त्वष्ट्याची कथा सर्वश्रुत आहे. इंद्राने पुत्रवध केल्यामुळे क्रुद्ध झालेल्या त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून होम केला. पण ‘इंद्रशत्रु’ या शब्दातील स्वर चुकीच्या जागी पडला आणि ‘इंद्राला मारणारा’ हा अर्थ जाऊन ‘ज्याला इंद्र मारील तो’ असा अर्थ झाला. वृत्र जन्मास आला तो इंद्राच्या हातून मरण्यासाठीच. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व्याकरणाध्ययनाची प्रयोजने सांगताना हाच दाखला दिला आहे. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ ही सारी योजना एकही अक्षर व एकही स्वर ढळू नये याकरिताच निर्माण झाली. आणि २००३ साली युनेस्कोने वेदपठणाच्या परंपरेचा मानवजातीच्या मौखिक वारशात गौरवाने समावेश केला, तो तिच्या याच गुणामुळे.

पण वेदपाठी ब्राह्मणास बारा वर्षे मिळत. बातमी वाचणाऱ्यास बारा मिनिटेही मिळत नाहीत. दूरच्या देशात भूकंप होतो, राज्यक्रांती होते, नवा प्रधानमंत्री येतो, आणि कालपर्यंत कोणी न ऐकलेले नाव आज लक्षावधी लोकांसमोर उच्चारावे लागते. अशा वेळी त्याने काय करावे? या प्रश्नास पद्धतशीर उत्तर देण्याचा प्रयत्न प्रथम ज्यांनी केला त्यांत लंडनच्या बी.बी.सी.चे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्या प्रयत्नाचा इतिहास मनोरंजक आहे, आणि त्यातून निघणारा बोध आमच्या मते कायद्याच्या पदवीधरासही उपयोगी पडावा असा आहे.

१९२२ साली स्थापन झालेल्या त्या नभोवाणी संस्थेचे चालक जॉन रीथ यांनी १९२६ साली बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीसंबंधी सल्ला देणारी एक समिती नेमली. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस अध्यक्ष. ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स, नट फोर्ब्स-रॉबर्टसन, निबंधकार लोगन पिअरसॉल स्मिथ आणि नाटककार बर्नार्ड शॉ हे सभासद. व आर्थर लॉइड जेम्स हे चिटणीस, अशी ती मंडळी होती. १९३० साली ब्रिजेस वारले आणि अध्यक्षपद शॉ यांच्याकडे आले. एका फुलवालीच्या उच्चारांवर ‘पिग्मॅलियन’ हे अख्खे नाटक रचणारा आयरिश लेखक इंग्रजांच्या उच्चारांचा पंच व्हावा, हा योग मोठा गमतीचा खरा.

समितीने प्रथम हात घातला तो सामान्य शब्दांना. ज्या शब्दांचे दोन-दोन, तीन-तीन उच्चार समाजात चालत, त्यांपैकी निवेदकांनी कोणता करावा याचा निर्णय तिने दिला, आणि १९२८ साली त्या निर्णयांची पहिली पुस्तिका काढली. हेतू इतकाच होता की, एकाच संस्थेचे निवेदक एकच शब्द तऱ्हेतऱ्हेने बोलू नयेत. परंतु लोकांनी त्याचा अर्थ निराळा घेतला. आमच्या तोंडातील शब्द आम्हांस शिकविणारे हे कोण, असा सूर उठला. वृत्तपत्रांतून थट्टा झाली. खुद्द समितीसही आपले काही निर्णय मागाहून बदलावे लागले. शब्द हे साऱ्या भाषकांच्या वहिवाटीचे असतात, आणि वहिवाट ठरावाने बदलत नाही, हे विद्वानांस कळावयास थोडी वर्षे लागली.

त्याच समितीच्या नावाने दुसरे एक काम मात्र शांतपणे चालले होते, आणि ते टिकाऊ ठरले. ते म्हणजे नावांचे काम. १९३० मध्ये इंग्लंडातील स्थलनामांची पुस्तिका निघाली, १९३२ मध्ये स्कॉटलंडची, १९३४ मध्ये वेल्सची, १९३५ मध्ये उत्तर आयर्लंडची, १९३७ मध्ये परदेशी स्थलनामांची आणि १९३९ मध्ये ब्रिटिश आडनावांची व सरदारकीच्या नावांची. आमच्या गोव्यातील नावांवर हसणाऱ्यांनी इंग्लंडातील नावे एकदा अवश्य पाहावी. लिहिले असता ज्यात चार अवयव दिसतात ते आडनाव ‘चमली’ असे उच्चारले जाते. ‘फेदरस्टोनहॉ’ असे वाचावेसे वाटणारे आडनाव कित्येक घराण्यांत ‘फॅनशॉ’ असे म्हटले जाते. आणि नॉरफोकच्या किनाऱ्यावर ‘हॅपिसबर्ग’ असे दिसणारे एक गाव आहे, त्यास तेथील लोक ‘हेझबरा’ म्हणतात. येथे कोणता राजकवी निकाल देणार? येथे एकच मार्ग होता. त्या गावच्या लोकांस विचारावयाचे आणि ते सांगतील ते लिहून घ्यावयाचे.

१९३९ साली महायुद्ध पेटले आणि समितीचे काम थांबले. ते पुन्हा सुरू झालेच नाही. पण नावांची चौकशी थांबविणे अशक्य होते, कारण युद्धामुळे रोज नवे गाव, नवी नदी, नवा सेनापती बातमीत येऊ लागला. समिती गेली आणि तिचे चिटणीसपणाचे कार्यालय उच्चार-विभाग म्हणून राहिले. ही निकड केवळ इंग्लंडचीच नव्हती. अमेरिकेतील एन.बी.सी.ने १९४३ साली जेम्स बेंडर यांच्याकडून निवेदकांसाठी उच्चारकोश करवून घेतला, आणि सी.बी.एस.चे भाषासल्लागार कॅबेल ग्रीट यांनी जगभरच्या नावांचा कोश त्याच सुमारास सिद्ध केला.

बी.बी.सी.च्या त्या विभागाची रीत थोडक्यात अशी आहे. माणसाचे नाव असेल तर तो माणूस स्वतः कसे उच्चारतो हे त्यालाच, किंवा त्याच्या निकटच्यांस, विचारावयाचे. गावाचे नाव असेल तर त्या गावच्या रहिवाशांचा उच्चार घ्यावयाचा. परदेशी नाव असेल तर त्या भाषेच्या जाणकारास गाठावयाचे. मात्र पॅरिससारखी जी नावे इंग्रजीत शतकानुशतके रुळली आहेत ती तशीच ठेवावयाची. तेथे फ्रेंच उच्चाराचा हट्ट धरावयाचा नाही. उत्तर मिळाले की ते दोन प्रकारांनी नोंदवावयाचे. शास्त्रज्ञांसाठी ध्वनिलिपीत, आणि बातमी वाचणाऱ्यासाठी साध्या इंग्रजी अक्षरांत, अवयव पाडून व आघाताची खूण करून. कारण प्रक्षेपणास पाच मिनिटे उरली असता ध्वनिलिपी शिकत बसण्यास कोणास सवड असते? विभागातील भाषातज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. परंतु त्यांच्या संग्रहातील नोंदी दोन लाखांहून अधिक आहेत. त्यांच्यापैकी जी. एम. मिलर या विदुषींनी १९७१ साली ब्रिटिश नावांचा उच्चारकोश प्रसिद्ध केला, आणि १९८३ साली ग्रॅहम पॉइंटन यांनी त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती काढली.

दूरचित्रवाणीने हे काम अधिक अवघड केले. बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर १९५४ साली नियमित बातमीपत्र सुरू झाले तेव्हा वाचणारा पडद्यावर दिसत नसे. १९५५ पासून त्याचा चेहरा दिसू लागला. नभोवाणीवर अडखळलेला शब्द कानाआड होतो. पडद्यावर अडखळणारा चेहराच लोकांच्या लक्षात राहतो. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडातील एका ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश कित्येक दिवस विमानांना बंद झाले, तेव्हा त्या पर्वताचे नाव जगभरच्या निवेदकांची परीक्षा घेत होते. कित्येकांनी ‘आइसलंडातील ज्वालामुखी’ एवढेच म्हणून सुटका करून घेतली. उच्चार-विभागाने मात्र त्याचे तुकडे पाडून दिले: ‘एया-फ्यात्ला-योकुत्ल’. अवयव पाडले की डोंगरही चढता येतो.

येथवर झाली ती सोयीची गोष्ट. आता हक्काची. नाव नीट उच्चारले जावे ही केवळ सभ्यतेची अपेक्षा आहे, की त्यात कायद्याने ओळखावा असा काही अधिकार आहे? हा प्रश्न जपानच्या सर्वोच्च न्यायालयापुढे प्रत्यक्ष आला होता, आणि तोही दूरचित्रवाणीच्या बातमीवरूनच.

जपानात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कोरियन लोकांची नावे चिनी चित्राक्षरांत लिहिली जात. तीच अक्षरे कोरियन एका प्रकारे वाचतो, जपानी दुसऱ्या प्रकारे. कोकुरा येथील एक कोरियन धर्मोपदेशक चे चांग-ह्वा यांनी १९७५ साली आपले नाव कोरियन रीतीने वाचावे असे आधीच कळविले असताही राष्ट्रीय प्रसारण संस्था एन.एच.के.च्या दूरचित्रवाणी बातमीत ते जपानी रीतीने ‘साई शोका’ असे वाचले गेले. चे यांनी दावा लावला. नुकसानभरपाई मागितली ती एक येन! त्यांना पैसा नको होता. चूक झाली असे न्यायालयाच्या तोंडून वदवावयाचे होते. खालच्या न्यायालयांत दावा फेटाळला गेला, आणि १६ फेब्रुवारी १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळले.

परंतु वकिलाने निकालाची केवळ शेवटची ओळ वाचू नये. फेटाळताना न्यायालयाने जे तत्त्व सांगितले ते आमच्या मते त्या निकालाचा खरा गाभा आहे. नाव हे माणसाच्या व्यक्तित्वाचे प्रतीक आहे, माणूस म्हणून त्याचा आदर होण्याचा तो पाया आहे, आणि म्हणून इतरांनी आपले नाव अचूक उच्चारावे यात त्याचे कायद्याने संरक्षण मिळण्याजोगे हित आहे, असे त्या न्यायालयाने मान्य केले. फक्त प्रत्येक चुकीचा उच्चार हा अपकृत्य होत नाही. अवमानाच्या किंवा दुष्ट हेतूने केला नसेल, आणि त्या काळी समाजात रूढ असलेल्या रीतीने केला असेल, तर तो बेकायदा म्हणता येणार नाही, असे सांगून त्याने एक येन नाकारला. तोपर्यंत रूढीच बदलून गेली होती. १९८४ साली दक्षिण कोरियाचे अध्यक्ष जपानच्या भेटीस आले त्या सुमारास तेथील सरकारने व वृत्तसंस्थांनी कोरियन नावे कोरियन उच्चारानेच घेण्याची पद्धत स्वीकारली. चे दावा हरले आणि मागणी जिंकले, असे म्हणावयास हरकत नाही.

इंग्रजी कायद्यात ‘ईडेम सोनान्स’ म्हणून एक जुने तत्त्व आहे. लेखनात नाव थोडे चुकले, पण उच्चारता ते तसेच ऐकू येत असेल, तर त्या चुकीने कागद बाद होत नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही नाव हे अंती कानाचे आहे, डोळ्याचे नव्हे. हे तत्त्व आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. त्याचा अर्थ शिकलो तो मात्र एका अशिलाकडून.

सीमाभागातून आलेला तो एक कष्टकरी मनुष्य होता. त्याच्या आडनावात एक ळकार होता व एक णकार होता. दाव्याच्या अर्जावर ते नाव रोमन अक्षरांत आम्हीच घातले, आणि घाईत घातले. तारखेच्या दिवशी आम्ही दुसऱ्या दालनात गुंतलो होतो. शिपायाने दारात उभे राहून अक्षरे दिसली तशी तीनदा पुकारा केला. आमचा अशील बाहेरच्या बाकावर, पुकारणाऱ्यापासून दहा पावलांवर बसला होता. त्याने तिन्ही वेळा ऐकले आणि कोणा दुसऱ्याला बोलावीत आहेत असे समजून तो स्वस्थ बसला. प्रतिवादी हजर, वादी गैरहजर; दावा काढून टाकला गेला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या नवव्या आदेशाखाली अर्ज करून आम्ही तो पुन्हा दाखल करून घेतला, हे खरे. पण त्यात आठ महिने गेले. तो आम्हांस एकदाच म्हणाला, “वकीलसाहेब, मी तिथंच होतो की.” या वाक्यास उत्तर आम्हांस सुचले नाही, अजूनही सुचत नाही.

तेव्हा दुसऱ्यांच्या निवेदकांवर रागावण्यापूर्वी आपण आपल्या जिभेची झडती घ्यावी हे बरे. आपल्या टिळकांचे हिंदीत ‘तिलक’ होतात म्हणून आम्ही हळहळतो. आज प्रचलित हिंदीत ळकार नाही हे विसरतो. परंतु तमिळ नावांतील तो विशिष्ट ‘ळ’सारखा वर्ण आपल्यापैकी किती जण नीट म्हणतात? नागभूमीतील वा मणिपुरातील नाव आले की आपली मराठी बातमीपत्रे ते इंग्रजी अक्षरांवरूनच वाचतात ना? देवनागरी आपल्यापाशी आहे हा मोठाच लाभ. पण तीही सर्वसमर्थ नाही. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च यांस आपण एकच अक्षर वापरतो. ‘जोशी’ हे आडनाव बाहेरचा मनुष्य ‘जीवना’तल्या जकाराने वाचतो, यात त्याचा काय अपराध? त्याला कोणी सांगितले नाही, एवढेच.

सांगणे, हाच या साऱ्या इतिहासाचा बोध आहे. भारतात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस दूरचित्रवाणीचा प्रायोगिक आरंभ झाला, १९६५ पासून ती रोज दिसू लागली, २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र निघाले, आणि आज अहोरात्र बातम्या देणाऱ्या वाहिन्यांची गणती करणे कठीण आहे. इतक्या लिप्यांच्या आणि भाषांच्या देशात रोमन अक्षरे ही मधल्या दलालासारखी झाली आहेत. तो दलाल ट आणि त, ण आणि न, ळ आणि ल, ऱ्हस्व आणि दीर्घ, सारे एकाच पोत्यात भरून देतो. त्यावर उपाय एकट्या निवेदकाच्या हाती नाही. विचारणे हे त्याचे कर्तव्य, तसे सांगणे हे आमचे.

म्हणून आमची एक नम्र सूचना आहे. प्रत्येक देवस्थान समितीने एक साधा कागद तयार ठेवावा. त्यावर गावाचे नाव, देवतेचे नाव, उत्सवांची व स्थानांची नावे देवनागरीत शुद्ध लिहावी. शेजारी रोमन अक्षरांत अवयव पाडून, जेथे जोर आहे तेथे खूण करून उच्चार द्यावा. आणि गावातील एखाद्या वृद्ध माणसाच्या आवाजात ती नावे ध्वनिमुद्रित करून ठेवावी. जत्रेच्या निमंत्रणाबरोबर तो कागद व तो आवाज वृत्तसंस्थांकडे जावा. खर्च जवळजवळ काहीच नाही. आणि आमच्या व्यवसायबंधूंस विनंती अशी की, अशिलाचे नाव अर्जावर घालण्यापूर्वी त्याच्या तोंडून एकदा ऐकावे, आपण म्हणून दाखवावे, आणि त्याने मान डोलविल्यावरच लेखणी उचलावी.

आमच्या देवळातील पुजारी हेच करीत आला आहे. गाऱ्हाणे हा शब्द देवळात चालतो तसा कचेरीतही चालतो. दोन्हीकडे दुबळा मनुष्य समर्थापुढे उभा असतो आणि मधला कोणी तरी त्याच्या वतीने बोलतो. त्या मध्यस्थाने आधी नाव विचारावे. नीट ऐकू आले नाही, तर मान वळवून पुन्हा विचारावे.